सोवळ्या कुंड्या

तन्वीच्या नावाने टाळ्या पडल्या तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या त्या मृणाल केळुसकरने. इतका वेळ, की शेजारच्या खुर्चीवरून केंद्राचे संचालक परुळेकर सर तिच्याकडे कौतुकाने बघू लागले. गुरूने शिष्येचं यश असं मोकळ्या मनाने साजरं करावं, याने त्यांना भरून आलं होतं. हात थांबले तर आपला चेहरा लोकांच्या नजरेत भरेल, या धास्तीने ही बाई टाळ्या वाजवतेय, हे त्या भल्या माणसाला कुठून कळणार?

मृणालच्या पोटात दुखत होतं. सरळच सांगायचं तर ती जळत होती.

वय अठ्ठेचाळीस. त्यातली एकवीस वर्षं वाघखोल खाडीच्या काठावरच्या या किनारी शेती केंद्रात गेलेली. तन्वी पेडणेकर एकतीस वर्षांची. सहा वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा तिला कुंडीत माती भरण्यापासून सगळं मृणालनेच शिकवलं होतं. आणि आज २०४३च्या फेब्रुवारीत, मृणाल जे चौदा वर्षं शोधत होती ते तन्वीच्या हाती लागलं होतं, तेही अवघ्या दीड वर्षात.

प्रश्न जुना होता. समुद्र चढत चालला होता. खाडीकाठच्या खारजमिनीत, जिथे मातीचे बांध घालून लोक भात पिकवत आले, तिथे दर वर्षी बांध फुटून खारं पाणी आत येई आणि रोपं पिवळी पडून मरत. मात्र त्याच खाडीत तिवराची झाडं खुशाल उभी असत. तिवराच्या मुळांभोवती काही जिवाणू राहतात. ते मुळावर एक चिकट थर तयार करतात, मीठ त्या थरात अडकतं आणि पानापर्यंत फारसं पोचत नाही. हा जिवाणू भाताच्या मुळाशी नांदायला लावला, पेरण्यापूर्वी बियाणं त्याच्या गाळात घोळवलं, तर भातही खारं पाणी सोसेल अशी मूळ कल्पना. ती मृणालची. तिने असा एक जिवाणू वेगळा काढला होता, तिवर-दोन. चौदा वर्षांपूर्वीच्या तिच्या प्रयोगात त्याने खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या रोपांची संख्या दुप्पट केली होती. त्या कुंड्यांशेजारी उभी असलेली तरुण मृणाल अजून केंद्राच्या मधल्या व्हरांड्यात फोटोत हसत होती. पुढे शेतात मात्र तिवर-दोनने कधी काही करून दाखवलं नाही. मृणाल त्याचा दोष मातीला देत आली.

तन्वीचा तिवर-सात होता. दोनशे चाळीस कुंड्या. त्यांतल्या एकशे वीस साध्या बियाण्याच्या, त्यांत जगल्या सव्वीस. एकशे वीस तिवर-सात लावलेल्या, त्यांत जगल्या सत्त्याण्णव. त्या आकड्यांवर मृणालची नजर खिळली आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्या ताटातलं उचलून नेलं.

जूनच्या पेरणीआधी अकरा गावांना बियाणं द्यायचं ठरलं. त्याला एकच अडसर होता, विरोधकाचा. प्रयोगशाळेत गाजलेल्या आणि शेतात तोंडघशी पडलेल्या बऱ्याच शोधांनंतर सरकारने हा नियम आणला होता. शोध बाहेर जाण्यापूर्वी एका जाणकाराने विरोधक म्हणून तो मोडून बघायचा. मोडला नाही तर ‘मंजूर’, मोडला तर ‘नामंजूर’, आणि दुरुस्तीला जागा असेल तर ‘दुरुस्त करून पुन्हा’. विरोधक निवडायचा संशोधकानेच, म्हणजे नंतर कुरकुर नको.

तन्वीने मृणालला निवडलं.

“तुमच्याइतकं कडक कुणी नाही, मॅडम,” ती म्हणाली. “तुमच्या हातून सुटलं तर मला झोप लागेल.”

मृणालने अर्ज पुढे ओढला. पहिलाच रकाना होता, विरोधकाच्या निर्णयावर परिणाम होईल असा त्याचा काही संबंध, हितसंबंध वा भावना आहे काय? तिने ‘नाही’ लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

*

पुढचे दहा दिवस मृणाल डोळ्यांत तेल घालून खोट शोधत होती. कामाचा तिला इतका उत्साह गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. सकाळी आठला येई, जेवणाचा डबा टेबलावरच उघडी.

आधी तिला वाटलं, बियाणं दोन वेगळ्या पोत्यांतलं असेल. एकाच पोत्यातलं निघालं. मग वाटलं, जिवाणू ज्या गाळातून लावला त्या गाळाचंच खत झालं असेल. तन्वीने साध्या बियाण्यालाही तोच गाळ लावला होता, जिवाणू उकळून मारून. एका कुंडीतली दहा रोपं दहा वेगळे पुरावे म्हणून मोजण्याची चूक नवखे हमखास करतात, कारण एका कुंडीतली रोपं एकाच मातीवर, एकाच पाण्यावर जगतात. तन्वीने कुंडी हेच एक माप धरलं होतं. सहापेक्षा जास्त रोपं हिरवी तर कुंडी जगली. सोयीचं दिसतं तेच मोजणारा माणूसही मध्ये नव्हता. मोजणी छताच्या कॅमेऱ्याने केली होती आणि कॅमेऱ्याला कुठली कुंडी कसली हे ठाऊक नव्हतं. उन्हाचा फरक पडू नये म्हणून कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदलल्या होत्या.

सगळं मृणालने शिकवलं तसं. किंबहुना थोडं जास्तच चांगलं. वही मिटताना मृणालच्या अंगाची लाही होत होती. पोरीने एखादी तरी चूक करायची!

अकराव्या दिवशी ती हरितगृहात जाऊन नुसती बसली. कुंड्या अजून तशाच राखल्या होत्या. यांत्रिक बाहू रुळावरून सरकत एकेका कुंडीला खारं पाणी देत होता आणि बाबी परब, तिथले जुने कामगार, त्याच्या मागोमाग फिरत होते. आधी साध्या कुंड्या, मग जिवाणूच्या. केंद्रात साध्या कुंड्यांना सगळे ‘सोवळ्या’ म्हणत आणि जिवाणू लावलेल्यांना ‘ओवळ्या’. पाणी देताना नळीच्या तोंडाला लागून ओवळ्या कुंडीतला जिवाणू सोवळ्या कुंडीत गेला तर तुलनाच बुडाली. म्हणून जागा कुठलीही असो, पाणी कुंडीच्या नंबरानेच, आणि पहिले नंबर सोवळ्या कुंड्यांचे. उत्तम नियम. मृणालला त्यातही खोट काढता येईना.

तिचं लक्ष कुंड्यांच्या काठांकडे गेलं. काही काठांवर मिठाचा जाड पांढरा थर होता, काहींवर नुसती पुसट रेघ. तिने लेबलं वाचली. जाड थर सोवळ्यांवर होता.

बाबींना तिने विचारलं, टाकी कशी भरतात. ते म्हणाले, आधी खाडीचं पाणी सोडतात अर्ध्यापर्यंत, मग वरून हळूहळू विहिरीचं गोडं. मोटर जुनी आहे, जोर नाही. मग ढवळतं कोण, असं तिने विचारलं तेव्हा ते हसले. ढवळणी कधी बसवलेलीच नव्हती. पाणी पाण्यात आपसूक मिसळतं, असं बसवणाऱ्यांनी धरलं होतं.

“मिसळता कसला,” बाबी म्हणाले. “पावसात खाडयेत बघा, वरचा पाणी गोडा आसता, तळाचा खारा. आमच्या पोरांकय म्हायत आसा. आणि तुमचो नळ तळाक.”

मृणाल उठली. क्षारमापक घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाहूतून पडणारं पहिलं पाणी एका डब्यात धरलं आणि शेवटचं दुसऱ्या डब्यात. पहिल्यात लिटरला नऊ ग्रॅम मीठ होतं. शेवटच्यात पाच. टाकीवरचा मीटर टाकीच्या मधोमध बसवलेला असल्याने इतकी वर्षं इमानेइतबारे सात दाखवत होता.

म्हणजे रोज, न चुकता, सोवळ्या कुंड्यांना जास्त खारं पाणी मिळत होतं. बिचाऱ्या तेवढ्यानेच मरत होत्या. तिवर-सातने कदाचित काहीच केलं नव्हतं.

मृणालला आनंद झाला. लाज वाटावी इतका. कँटीनमध्ये जाऊन तिने आंबोळ्या मागवल्या आणि दोनदा चटणी घेतली. बाबी समोर चहा पीत होते. त्यांच्या गावात बैठक झाली होती, ते सांगत होते. खारं पाणी पिणारं भात येणार, मग मरमर करायची कशाला?

“आमच्या गावान यंदा बांध घालूचो नाय असा ठरवल्यान,” ते म्हणाले.

मृणालने चटणीची वाटी बाजूला सरकवली. पण मग तिला वाटलं, बरंच झालं, आता तर नामंजूर लिहिणं हे आपलं कर्तव्यच आहे. आपल्या मनातली जळजळ कर्तव्याच्या वेषात आली की किती देखणी दिसते! ती हात धुऊन लिहायलाच बसली.

*

‘नामंजूर’च्या खाली कारण लिहायचं होतं. पाणी देण्याच्या क्रमाने निकाल दूषित. हा क्रम कधीपासून आहे, हेही नमूद करणं भाग होतं. मृणालने केंद्राची नियमावली काढली. पान चौदा. ‘पाणी प्रथम सोवळ्या कुंड्यांना, नंतर ओवळ्यांना.’ खाली तारीख होती, मार्च २०२९. आणि सही होती. झोकदार. तिची स्वतःची.

नियम तिने केला होता आणि नियम बरोबरही होता. एक भेसळ टाळायला केलेल्या त्या नियमाने दुसरी भेसळ घरात आणून ठेवली होती, एवढंच. २०२९च्या पावसाळ्यातच तिने तिवर-दोनचा प्रयोग केला होता. याच टाकीवर, याच नळावर.

दुपारी तिने जुनी वही उघडली. शंभर कुंड्या, पाण्याच्या क्रमाने नंबर टाकलेल्या. एक ते पन्नास सोवळ्या, एक्कावन्न ते शंभर ओवळ्या. तिने पंचवीस-पंचवीसच्या तुकड्यांनी जगलेल्या कुंड्या मोजल्या. सहा. तेरा. सतरा. बावीस.

हे तिला स्वतःला समजावून सांगायची गरज नव्हती. जिवाणूने काम केलं असतं तर पन्नासाव्या कुंडीनंतर आकड्याने उडी घेतली असती. इथे उडी नव्हती. सोवळ्यांमध्येही आकडा चढत होता आणि ओवळ्यांमध्येही तसाच, एकसारखा, जसं टाकीतलं पाणी वरवरचं, गोडं होत जाईल तसा. सोवळ्या एकोणीस, ओवळ्या एकोणचाळीस. दुप्पट. व्हरांड्यातली तरुण मृणाल चौदा वर्षं त्या दुपटीशेजारी उभी राहून हसत होती, आणि ती दुप्पट पाण्याची होती.

मग तिने तन्वीच्या कुंड्या तशाच मांडून पाहिल्या. आकडा चढत होता तिथेही. पण एकशेविसाव्या कुंडीनंतर उडी होती. लहान, पण होती. मृणालने लॅपटॉप मिटला.

उडी योगायोगाची असेल, असं तिने मनाशी म्हटलं. बाकी रस्ता मोकळा होता. नियमाची तारीख लिहायची नाही. ‘टाकीची सध्याची अवस्था’ असा एक गोलमोल शब्दप्रयोग करायचा आणि नामंजूर. तन्वीचा शोध यंदापुरता बारगळेल, एकदा बारगळलेल्या शोधाला पुन्हा कुणी जागा देत नाही, आणि जुन्या वह्या कोण उघडतंय? गावांनाही बांध घालायला सांगता येईल. सगळ्यांचं भलं.

नियमाप्रमाणे निर्णयाआधी संशोधकाला आक्षेप दाखवावा लागे. तन्वी आली. तिने नऊ आणि पाच हे दोन आकडे वाचले आणि खुर्चीत बसली.

“म्हणजे सोवळ्या कुंड्या मीच मीठ घालून मारल्या,” ती म्हणाली.

पुढचं वाक्य काय येणार याची मृणाल वाट बघत होती. नियम तुमचा, मॅडम. पान चौदा तन्वीला तोंडपाठ होतं, आणि त्याखाली कुणाची सही आहे हेही. त्याच नियमावर तिवर-दोन उभा आहे, हे कळायला तिला दोन मिनिटंही लागली नसती. बहुधा लागलीही नव्हती, कारण एकदा मान वर करून तिने मृणालकडे बघितलं, आणि मग पुन्हा कागदाकडे. त्या नजरेत उलट कणव होती. अकरा गावांची यादी रद्द करायला सांगते, एवढं म्हणून ती उठली.

हे मृणालला सोसवेना. शोध हिचा, कौतुक हिचं, आणि आता मोठेपणाही हिचाच?

“बस,” ती म्हणाली. “अजून वेळ आहे. टाकीला ढवळणी बसवून घे. पाण्याचा क्रम रोज चिठ्ठ्या टाकून ठरव आणि दर कुंडीनंतर नळीचं तोंड धुवायला लाव. चाळीस दिवसांत होतं सगळं.”

तिने ‘नामंजूर’ खोडलं आणि ‘दुरुस्त करून पुन्हा’ लिहिलं. मग खाली एक ओळ वाढवली. चाचणीत तिसरा गट घ्यावा, तिवर-दोनचा.

तन्वीने ती ओळ दोनदा वाचली. कुणी मागितलं नव्हतं हे. मृणालचा हिशेब सरळ होता. पाण्याचा क्रम बदलला की पान चौदा आणि त्यामागोमाग तिवर-दोन आज ना उद्या उघडे पडणारच होते. बुडायचंच आहे तर दोघींनी बुडावं. एकटीने बुडून तन्वीला काठावर उभं बघणं तिच्याने झालं नसतं.

*

दोनशे चाळीस कुंड्या पुन्हा मांडल्या. ऐंशी साध्या, ऐंशी तिवर-दोनच्या, ऐंशी तिवर-सातच्या. कुठली कसली याची यादी परुळेकर सरांच्या कपाटात मोहोरबंद. सोवळी-ओवळी हा भेदच मिटला. नळीचं तोंड दर वेळी धुवायचं बाबींच्या जिवावर आलं होतं, पण गावच्या बांधाचं काय ते यावरच ठरणार हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी एकही कुंडी सोडली नाही.

मोजणी कॅमेऱ्याचीच ग्राह्य होती, पण विरोधकाने डोळ्यांनीही मोजावं असा नियम होता. मृणाल रोज सकाळी कुंड्यांमधून फिरे. यादी कपाटात असली तरी आठवड्याभरात तिला खात्री पटली की तन्वीच्या कुंड्या कुठल्या ते आपण ओळखलंय. काही कुंड्यांतली पानं जरा गडद होती. या तिवर-सातच्या, दुसऱ्या कुणाच्या असणार? त्या कुंड्यांपाशी ती जास्त वेळ थांबे. रोप अर्धं पिवळं दिसलं की मेलं म्हणून लिही. दुसऱ्या कुंडीत तसंच रोप दिसलं की म्हणे, हे सावरेल. आपण लबाडी करतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. उलट आपण किती काटेकोर आहोत याचंच समाधान वाटत होतं.

एकेचाळिसाव्या दिवशी सरांनी यादी फोडली. तन्वी खिडकीपाशी उभी होती. सरांनी कॅमेऱ्याचे आकडे वाचले. ऐंशीपैकी साध्या कुंड्या एकतीस. तिवर-दोन, बत्तीस. तिवर-सात, बावन्न.

मृणालने तो बत्तीसचा आकडा लिहून घेतला. एका कुंडीचा फरक. एका कुंडीसाठी चौदा वर्षं.

मग सरांनी तिची मोजणी शेजारी ठेवली आणि चष्मा काढून पुसला. साध्या कुंड्या तिनेही एकतीसच मोजल्या होत्या. तिवर-सातच्या बावन्न, अगदी बरोबर. चुकली होती ती एकाच गटात. तिवर-दोनच्या बत्तीस जगलेल्या कुंड्यांपैकी तिने चोवीसच जिवंत धरल्या होत्या. ज्या गडद पानांवर ती महिनाभर दात धरून होती, ती पानं तिच्या स्वतःच्या जिवाणूची होती.

सरांना काही उलगडेना. मृणालला उलगडलं, आणि तिचा चेहरा कानांपर्यंत तापला. हसावं की रडावं हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून तिने पाणी मागितलं.

अहवाल तिने त्याच दुपारी पुरा केला. तिवर-सातचा उपयोग खरा आहे, पण आधी दिसला त्याच्या निम्म्याहूनही कमी. बियाणं द्यावं. बांध मात्र प्रत्येक गावाने घालावाच, नाहीतर तीनात एक कुंडी गेली तसं तीनात एक शेत जाईल. नियमावलीचं पान चौदा रद्द करावं, ते मार्च २०२९पासून चुकीचे निकाल देत आहे, आणि तिवर-दोनचा निबंध मी मागे घेत आहे. बाबींना तिने बांधाचं तोंडीच सांगितलं, तेव्हा ते तसेच सायकलवर बसून गावाला गेले.

शेवटी ती अर्जाच्या पहिल्या रकान्याकडे आली. ‘नाही’ या शब्दावर तिने आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ‘आहे. मला संशोधिकेचा हेवा वाटतो. माझी मोजणी आठ कुंड्यांनी चुकली ती यामुळे.’

परुळेकर सर अवघडले. असलं कुणी सरकारी कागदावर लिहितं का, म्हणाले, खोडून टाक, मुंबईत लोक हसतील. मृणालने ऐकलं नाही. टाकीतल्या मिठाने निकाल फिरला तेव्हा ते आपण लिहिलं, मग माझ्यामुळे फिरला ते का नाही लिहायचं, असं तिने त्यांना विचारलं. सरांनी अर्ज तन्वीकडे सरकवला.

खाली संशोधकाची सही हवी होती. तन्वीने अर्ज वाचला. पहिला रकाना तिने पुन्हा वाचला. मृणाल खिडकीबाहेर बघत राहिली. एवढं उघडं पडल्यावर माणसाने बघायचं तरी कुठे?

तन्वीने सही केली. कागद सारखे करून टाचणी लावली.

“मॅडम,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी तिवर-अकरा तयार होईल. विरोधक म्हणून तुमचंच नाव देऊ ना?”

अकरा! म्हणजे मधले तीन हिने केले तरी कधी? मृणालच्या पोटात पुन्हा जुनी कळ आली, ओळखीची, जरासुद्धा कमी न झालेली.

“दे,” ती म्हणाली. “तेवढा पहिला रकाना मी आत्ताच भरून ठेवते.”